चार बोटं जास्त

लतीफभाई,

तुमच्या सहीची पोचपावती माझ्याकडे परत आली आहे. सही शुक्रवारची आहे. तुमच्या नेहमीच्या वळणाची, अखेरच्या अक्षराला लांब शेपूट ओढलेली. पावती माझ्या पेटीत पडली ती त्यानंतरच्या गुरुवारी. आदल्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर आम्ही तुम्हाला माती देऊन परतलो होतो.

आपण एकाच इमारतीत राहत होतो. तुम्ही तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर. मध्ये चौपन्न पायऱ्या. त्या उतरून तुमच्या दाराची कडी वाजवायची सोडून मी चार पानांचे, अकरा मुद्द्यांचे पत्र तयार केले, पाकीट चिकटवले आणि पोचपावतीसह टपालात टाकले. आयुष्यभर मी हेच करत आलो आहे. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी बोलायचे नाही, त्याला लिहायचे. आणि लिहिलेले पोहोचल्याचा पुरावा हाती ठेवायचा. तो पुरावा आता समोर आहे. पत्र तुम्हाला पोहोचले. तुम्ही ते वाचलेत काय, हे पावतीवरून कळत नाही.

सातव्या मुद्द्यात मी तुम्हाला भ्याड म्हटले होते. शब्द रागाच्या भरात निसटलेला नव्हता. आधी 'दुर्बल' लिहिले होते. ते खोडून, विचारपूर्वक हा घातला. शुक्रवारी तुम्ही सही केलीत आणि बुधवारी पहाटे तुमचे हृदय थांबले. मधल्या पाच दिवसांत तो शब्द तुमच्या डोळ्यांखालून गेला की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन मी सतरा दिवस बसलो होतो.

तुम्ही मला पहिल्या दिवसापासून वकीलसाब म्हणत आलात. मी प्रत्येक वेळी दुरुस्ती केली.

"मी वकील नाही, लतीफभाई. मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. वकील माझ्या टेबलासमोर उभे राहायचे."

"हौ, तो फिर वकील से भी बडे हुए ना! वकीलसाबच बोलना पडेगा."

तुम्ही सिल्लोडचे. मराठी स्वच्छ बोलत. पण थट्टा करायची झाली की दखनीत उतरत. टेलिफोन खात्यात हयातभर तारा जोडून निवृत्त झालेला माणूस उरलेले आयुष्य तारेवाचून बोलण्यात घालवतो, याचे मला आधी हसू आले होते. मग तुमच्या भिंतीवर, मक्केच्या तसबिरीशेजारी, चौकटीत लावलेला हॅम रेडिओचा सरकारी परवाना पाहिला आणि तुमच्याविषयी माझे मत कायमचे ठरले. केवळ बोलता यावे म्हणून परीक्षा देणारा आणि परवाना घेणारा दुसरा माणूस मला भेटला नव्हता. मी स्वतः कधी बोललो नाही. परवाना नसलेल्याने माईकला हात लावू नये, हे तुम्हाला मी शिकवायचे कारण नव्हते, तरी शिकवले. मी तुमची नोंदवही लिहीत असे. कोणाशी, किती वाजता, आवाज कसा. शिरस्तेदाराच्या अक्षरात. "इतनी साफ वही तो सरकार के पास भी नहीं होगी," असे तुम्ही म्हणायचात आणि मला ते आवडायचे. हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही.

मग सभा भरवून गच्चीवरचा तुमचा अँटेना सोसायटीने उतरवला.

त्या सभेविषयी तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलायला कधी तयार झाला नाहीत. मी मात्र ती विसरू शकलेलो नाही. आधी म्हणाले टीव्हीत खरखर येते. मग म्हणाले वीज पडेल. दोन्हींना मी लेखी उत्तरे घेऊन गेलो होतो, ती वाचूनही दाखवली. तेव्हा मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण हे बोलतात कुठं कुठं, कुणाकुणाशी, आपल्याला काय माहीत?" आणि सभेत कोणी काही बोलले नाही. ती शांतता काय होती हे सगळ्यांना कळत होते. मी उभा राहिलो. तुम्ही माझी बाही ओढलीत.

"बैठो, वकीलसाब."

"मी बसणार नाही. यांनी हे वाक्य इतिवृत्तात लिहून घ्यावे. लिहा, मी सही करतो."

"बैठो ना. चाय ठंडी हो रही."

तुम्ही चहा प्यालात, लतीफभाई. माझा अजून त्या टेबलावर पडून आहे.

त्या दिवसापासून तीन वर्षांत मी तुमच्या वतीने एकोणतीस पत्रे लिहिली. सोसायटीला, निबंधकांच्या कार्यालयाला, आणखी वर. प्रत्येकावर तुमची सही घेतली. तुम्ही न वाचता सही करायचात. याचाही मला राग यायचा.

आणि या तीन वर्षांत तुम्ही काय केलेत? एक थैली शिवून घेतलीत. थैलीत एक तिपाई, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, एकात एक सरकणारी पातळ दांडी, जमिनीवर पसरायच्या चार तारा आणि एक केबल. तिपाई उभी करायची, तिच्यावर वेटोळे बसवायचे, वेटोळ्यात दांडी खोवून माणसाच्या तिप्पट उंच ओढायची, बुडापाशी चार तारा चार दिशांना पसरायच्या. पंधरा मिनिटांत उभा अँटेना तयार, आणि पंधरा मिनिटांत पुन्हा थैलीत.

"बघा वकीलसाब. कुणाची गच्ची नको, कुणाची मीटिंग नको."

"ही पळवाट आहे," मी म्हणालो. "तुमचा हक्क गच्चीवर आहे. तो तुम्ही थैलीत भरून रानात नेताय."

"मेरेकू बात करनी है. केस नहीं करनी."

"तुम्ही बोला. केस मी करतो."

असे आपले ठरले. आठवडाभर मी लढायचे आणि रविवारी सकाळी तुमच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून आपण देवगाव रंगारीकडे जायचे. खालून तुम्ही दोनदा हॉर्न वाजवायचात. मी थर्मास आणि नोंदवही घेऊन उतरायचो. गावाच्या अलीकडे भानुदासच्या रानात मुरमाचा एक उंचवटा आहे. तिथे आपली जागा.

पहिल्याच रविवारी आपण खुंट्यांवरून भांडलो, आठवते? उंचवट्यावर वारा होता आणि तिपाई डुलत होती. तुम्ही थैलीतून दोरी आणि तीन लोखंडी खुंट्या काढल्यात. मी म्हणालो, परक्याच्या जमिनीत मालकाच्या लेखी संमतीवाचून खुंटी ठोकता येणार नाही. भानुदास कुदळ खांद्यावर घेऊन तिथेच उभा होता.

"आवं ठोका की! माझंच रान हाय. मी म्हणायलोय ना."

"तोंडी चालणार नाही. लेखी द्या."

"खुंटी ठोकायला कागद? मग म्हशीची खुंटी ठोकायला म्या तहसीलला जाऊ काय?"

तुम्ही हसता हसता मुरमावर बसलात. पण मी हटलो नाही. ज्यांनी आपल्याला गच्चीवर अतिक्रमण करणारे ठरवले त्यांना एकाही खुंटीचे निमित्त द्यायचे नाही, हे माझे म्हणणे होते. अखेर तोडगा निघाला तो असा, की तिपाईच्या वाऱ्याकडच्या पायावर मी माझे दोन्ही पाय देऊन, शेजारी घडीच्या स्टुलावर बसून राहायचे. तुम्ही केबलच्या दुसऱ्या टोकाला, दहा-बारा पावलांवर, खुर्चीत रेडिओ संचापाशी. मी बुडाशी. हीच पुढे रीत झाली. तीन वर्षे दर रविवारी मी तुमच्या अँटेनाची खुंटी होतो.

दांडी किती ओढायची, यातच सगळी मेख असते, हे तुम्ही मला शिकवलेत. उंची लहरीला जुळली नाही तर संचातून निघालेली शक्ती बाहेर न जाता उलटून संचाकडेच येते. "पत्ता चुकलेल्या टपालासारखी," मी म्हणालो होतो, आणि तुम्ही खूश झाला होतात. पहिले काही रविवार तुम्ही दांडी थोडी वर, थोडी खाली करत, मीटरचा काटा पाहत घालवलेत. काटा तळाला टेकला त्या ठिकाणी दांडीवर भाभींच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढलीत. त्यानंतर रेघेपर्यंत ओढले की काम झाले. रेघ कधी चुकली नाही.

गेल्या काही महिन्यांत तुम्ही वर येणे बंद केलेत. आधी पत्रावर सही करायला तुम्ही तिसऱ्या मजल्यावर यायचात, माझ्याकडचा चहा फिका म्हणून नावे ठेवायचात. मग फोन करून "खाली या ना" म्हणू लागलात. मी उतरत होतो. पण मनात नोंद करत होतो. माझ्या लढ्यातून तुमचे मन उडाले आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. अर्थ लावण्याआधी विचारावे, हे मला सुचले नाही. साक्षीदाराला न विचारता निकाल लिहिणाऱ्यांवर मी आयुष्यभर ताशेरे ओढले आहेत.

मग निबंधकांच्या कार्यालयाकडून पत्र आले. अधिकारी जागेची पाहणी करतील. अर्जदाराने गच्चीवर समक्ष हजर राहावे. तीन वर्षांत प्रथमच कोणीतरी पायऱ्या चढून वर यायला तयार झाले होते. मी ते पत्र घेऊन धावत खाली आलो. तुम्ही ते वाचलेत. बहुधा मी आणलेले तुम्ही वाचलेले ते पहिले पत्र. घडी घालून परत दिलेत. चार दिवसांनी मला कळले की तुम्ही अर्ज मागे घेतला आहे. मला न विचारता. एका ओळीचा कागद. खाली तीच लांब शेपटाची सही.

सोमवारी संध्याकाळी तुमच्या दारात मी जे बोललो ते सगळ्या जिन्याने ऐकले.

"तुम्ही कबूल केलेत. ते लोक म्हणाले ते तुम्ही कबूल केलेत!"

"मी काही कबूल नाही केलं, वकीलसाब. जाने दो. रविवारी जाऊ ना आपण."

"रविवारी तुम्ही एकटे जा."

"अहो, आत तर या. दारात कायकू उभे?"

मी आत आलो नाही. वर जाऊन टंकलेखन यंत्राला कागद लावला.

त्या रविवारी सकाळी मी गॅलरीच्या पडद्याआड उभा होतो. तुम्ही थैली स्वतः उचलून आणलीत, गाडीच्या मागे ठेवलीत, टेकून थोडे थांबलात. मग आत बसून दोनदा हॉर्न वाजवलात. माझ्या हातात थर्मास होता. होय, मी चहा भरला होता. सवयीने भरला होता की उतरायच्या इराद्याने, हे मी स्वतःला शपथेवर विचारले तरी सांगू शकणार नाही. तुम्ही पुन्हा दोनदा वाजवलात. मग गाडी गेली.

तुम्ही गेल्यावर सोसायटीच्या फलकावर श्रद्धांजली लागली. खाली सचिवांची सही. अँटेना उतरवण्याच्या नोटिशीवर होती तीच. ते मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "चला, तो वादही मिटला एकदाचा." मी त्यांना लेखी कळवले आहे की वाद मिटलेला नाही. त्या सभेच्या इतिवृत्तात ते वाक्य अजून नोंदले गेलेले नाही, आणि मी जिवंत आहे. ते तिसावे पत्र. त्यावर तुमची सही नाही, म्हणून ते माझ्या नावाने गेले.

भाभी इद्दतमध्ये आहेत, घराबाहेर पडत नाहीत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी निरोप धाडला. मी दारात उभा राहिलो. त्या पडद्याआडून बोलल्या. संच तुमच्या एका परवानाधारक मित्राने रीतसर नेला होता. थैली दाराशी ठेवलेली होती.

"ये आप ले जाव, भाईसाब. इनो बोलते थे, आधा सामान वकीलसाब का है."

"माझं यात काही नाही, भाभी."

"इनो बोलते थे," त्या म्हणाल्या, तेवढ्यावर विषय संपला. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आप गुस्सा थे ना, अर्जी के वास्ते?"

मी थैलीची गाठ तपासत राहिलो.

"डाक्टर जीना चढने कू मना करे थे. चार महिने हुए. इनो आपकू बोलने नहीं दिए. बोले, उनो गच्ची के वास्ते लड रहे. मैं गच्ची तक जा नहीं सकता मालूम हुआ, तो बिचारे कायके वास्ते लडेंगे?"

पडद्याआड त्या रडत असाव्यात. मी थैली उचलली. चौपन्न पायऱ्या चढताना त्या दिवशी मी प्रत्येक मजल्यावर थांबलो. दम लागला म्हणून नव्हे.

तेव्हा तुमचे सगळे वागणे असे होते. वर येणे बंद झाले ते दम लागत होता म्हणून. अर्ज मागे घेतलात तो गच्चीवर समक्ष हजर राहणे शक्य नव्हते म्हणून, आणि ते मला कळू द्यायचे नव्हते म्हणून. एका गच्चीसाठी मी एकोणतीस पत्रे लिहिली. पण त्या गच्चीपर्यंत तुम्हाला पोहोचता येते का, हे विचारणारी एक ओळ मी लिहिली नाही. आणि अशा माणसाला मी कोणता शब्द लावला, ते वर लिहिलेच आहे.

रविवारी मी थैली घेऊन एसटीने देवगाव रंगारीला गेलो. माझ्याकडे फक्त ऐकायचा लहान रेडिओ होता. अँटेना नुसते धातू आणि तार आहे. तो उभारून ऐकायला माझी माझ्यापाशी हरकत नव्हती. मका काढून झाला होता. भानुदास बांधावर ताटं रचत होता. त्याने लांबूनच हात केला.

"या, या वकीलसाब! आज एस्टीनं? अन् भाई? गाडी घिऊन मागनं यायलेत का?"

मी जवळ जाऊन सांगितले. तो हातातली पेंढी तशीच धरून खाली बसला.

"आवं पर आत्ता तर आलते. कवा?"

"त्या रविवारनंतरच्या बुधवारी. पहाटे."

"या अल्ला," तो म्हणाला. तुमच्याकडून उचललेला उद्गार.  मग म्हणाला, "एकलेच आलते. म्या इचारलं, जोडीदार कुठंय? तर हसायले. म्हणले, रुसलेत."

"आणखी काय म्हणाले? नीट आठवून सांगा. शब्दशः."

"म्हंजी काय, साक्ष घेता का माझी?"

"हो."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि थट्टा सोडली. "म्हणले, पुढल्या आइतवारी येतील. नायच आले तर तीन मजले चढून जातो अन् हाताला धरून आणतो. असंच म्हणले."

तीन मजले. चौपन्न पायऱ्या. तुम्ही चढून येणार होतात, लतीफभाई.

"अन् आणिक एक," भानुदास म्हणाला. "वारं लई होतं. म्या म्हणलं, आज तर ठोका खुंटी, बघणारं कोण हाय हितं? तर नाय म्हणले. वकीलसाबचा कायदा हाय म्हणले. दगडं ठिवली पायावर. समदी म्याच वाहिली."

भानुदासच्या खोपटात ठेवलेली तुमची खुर्ची आणि माझे स्टूल घेऊन मी उंचवट्यावर गेलो आणि थैली उघडली. तिपाई, वेटोळे, दांडी. तीन तारा लाकडी फळ्यांवर गुंडाळलेल्या होत्या. चौथीची फळी फार दिवसांपूर्वी मोडली होती, आणि ती तार तुम्ही मिळेल त्यावर गुंडाळायचात. कधी पुठ्ठा, कधी बिस्किटाचे खोके. या वेळी ती एका उभ्या दुमडलेल्या जाड पाकिटावर गुंडाळलेली होती. मी मुरमावरून मागे मागे चालत तार सोडत गेलो आणि शेवटच्या वेढ्याखालून माझे स्वतःचे अक्षर बाहेर आले. तुमचे नाव. तुमचा पत्ता. तळमजला.

पाकीट चिकटवलेलेच होते. चारही कडा मी तपासल्या. न्यायालयात लखोटे तपासायचो तशा, बोटाने, मग उन्हाकडे धरून. ते उघडले गेलेले नव्हते. मागच्या बाजूला तुमच्या पेन्सिलीने दोन ओळी होत्या.

"वकीलसाब नाही.
दांडी चार बोटं जास्त."

मला अर्थ लागला नाही. मी तारा पसरल्या, तिपाईच्या पायावर भानुदासने दाखवलेले दगड ठेवले, दांडी लाल रेघेपर्यंत ओढली, केबल जोडली आणि तुमच्या खुर्चीत बसून रेडिओ लावला. आवाज मंद होता; पाण्याखालून आल्यासारखा. केबल तपासली. वेटोळे तपासले. तेवढ्यात तिपाई हलली म्हणून मी उठून बुडापाशी गेलो, आणि मागे खुर्चीत रेडिओ एकदम भरून बोलू लागला. परत आलो तर पुन्हा मंद. पुन्हा गेलो, पुन्हा भरून आला. दोन-तीन वेळा असे ये-जा केल्यावर मी मुरमावर उभाच राहिलो.

ती लाल रेघ नुसत्या अँटेनाची नव्हती. रेघ ओढली त्या दिवशी मी बुडाशी बसलो होतो, पुढच्या प्रत्येक रविवारी बसलो होतो. उंची जुळली होती ती माझ्या देहासकट. मी नसताना जुळवायला तुम्हाला दांडी चार बोटे आणखी ओढावी लागली. तुम्ही मोजलीत आणि हाताशी जो कागद होता त्यावर टिपून ठेवलीत. अकरा मुद्दे मी आत लिहिले होते. तुमचे उत्तर बाहेरून होते, आणि त्यात तक्रार नव्हती.

प्रश्न सुटला, असे मी म्हणू शकत नाही. तुम्ही तो शब्द वाचला नाहीत, हे सिद्ध झाले. मी तो लिहिला होता, हे त्याने खोटे ठरत नाही. पत्र रीतसर बजावले गेले आहे. ते मागे घेण्यासाठी ज्याच्याकडे अर्ज करावा तो माणूस उरलेला नाही.

एव्हाना भानुदास वर आला होता. माझी धडपड त्याने खालून पाहिली असावी.

"आणा ती वही," तो म्हणाला. "लिहा काय लिहायचं ते. सही करतो. पर ठोका आता खुंटी, तुमचं दोघांचं एकदाचं मिटवा."

मी नोंदवहीत लिहिले: माझ्या मालकीच्या रानातल्या उंचवट्यावर अँटेनाच्या आधारासाठी तीन खुंट्या ठोकण्यास माझी संमती आहे. त्याने वाचून पाहिले, "बराबर हाय" म्हणाला आणि सही केली. तीन वर्षे अडलेला कागद तीन मिनिटांत झाला. त्याने हातोडीसाठी थैलीत हात घातला.

"राहू द्या," मी म्हणालो.

"आता काय झालं? कागद तर झाला की."

पायावरचे दगड एकेक करून बाजूला काढले. दांडी लाल रेघेवरच राहू दिली. रेडिओ तुमच्या खुर्चीवर ठेवून आवाज मोठा केला, स्टूल उघडून बुडापाशी मांडले आणि तिपाईच्या वाऱ्याकडच्या पायावर माझे दोन्ही पाय दिले. भानुदास खाली उतरला.

रेडिओवर रविवारची हजेरी चालू होती. तुमचे मित्र एकेक करून आपापल्या गावाहून बोलत होते; कोणाकडे थंडी पडली, कोणाचा नातू पास झाला. हजेरी घेणाऱ्याने तुमचे कॉलसाइन, परवान्यावरचे ते सांकेतिक नाव, उच्चारले. मग कोणीच बोलले नाही. तुमच्या खुर्चीवरून नुसती खरखर येत राहिली. ही शांतता सभेतल्या शांततेसारखी नव्हती, हे मला नोंदवून ठेवायचे आहे. पण वही खुर्चीपाशी होती आणि मला पाय काढता येत नव्हता.

"और कोई स्टेशन?" हजेरी घेणाऱ्याने विचारले. "कोई छूट गया हो तो बोलिए."

तो बराच वेळ थांबला. वारा वाढला होता. मी पाय घट्ट दाबून धरले.